लाकडी स्टिरिओस्कोप आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची जुनी कार्डं, चार महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त घ्यावं की नाही एवढंच हवंय त्यांचा वेळ जायला नको. यंत्र घ्या, सोबतचा कार्डांचा सेट घेऊ नका. विक्रेता दोन्ही जोडीने विकतो आणि जोडीत स्वस्त पडतं म्हणून मीही जोडी घेतली, आणि आता ती कार्डं डब्यात पडून आहेत, एक सोडून. त्या एकाबद्दल पुढे सांगते कारण या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वात जास्त त्यानेच शिकवलं.

वस्तू काय आहे तर होम्स पद्धतीचा हातात धरायचा स्टिरिओस्कोप, म्हणजे कार्डावर शेजारी शेजारी छापलेले एकाच गोष्टीचे दोन फोटो एकत्र करून खोली दाखवणारं यंत्र. डोळ्यांवर टेकवायचा कनातीसारखा हूड, त्यात दोन भिंगं, मधे पडदी, पुढे एक लाकडी पट्टी आणि पट्टीवर मागेपुढे सरकणारी आडवी दांडी, तिच्या दोन टोकांच्या तारेत कार्ड अडकवायचं. खाली मूठ, ती दुमडते. ही रचना १८६१ ची आहे, बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्सनी केलेली, पेशाने डॉक्टर आणि शिवाय लेखक. त्यांनी पेटंट घेतलं नाही, त्यामुळे कुणीही बनवावं आणि कुणीही विकावं असं झालं आणि म्हणूनच आज दीडशेहून जास्त वर्षांनी पण जवळजवळ तेच डिझाइन नवं बनवून मिळतं. त्याआधी ब्रूस्टर पद्धतीची बंद पेटी असायची, वरचं झाकण उघडून उजेड आत घ्यायचा. ती सुंदर दिसते पण वापरायला हे उघडं मॉडेल शंभर पटीने सोपं.

सेटमधे "निसर्ग आणि स्थिरचित्रं" (म्हणजे मांडून ठेवलेल्या निर्जीव वस्तूंची चित्रं) अशा नावाखाली २४ कार्डं, सगळी जुन्या स्टिरिओ फोटोंची नवी छपाई, त्यातली १७ पक्ष्यांची. मी त्या १७ साठीच घेतला सेट. पेंढा भरलेले किंवा नुकतेच मारून आणलेले पक्षी टेबलावर मांडून, दोरीला टांगून, फांदीवर बसवून काढलेले हे फोटो मला कॉलेजपासून खुणावतायत, पण इतकी वर्षं मी ते स्क्रीनवर सपाट बघत होते, म्हणजे खरं तर बघतच नव्हते असं आता वाटतं.

पहिलं कार्ड लावलं ते टांगलेल्या तितराचं. फोटोग्राफरचं नाव नाही, मागे फळ्यांची भिंत, एका पायाला दोरी, पक्षी उलटा, एक पंख मिटलेला आणि एक निसटून उघडा पडलेला. स्क्रीनवर हा फोटो म्हणजे करड्या भिंतीवर करडा ठिपका. यंत्रात दांडी जरा मागेपुढे केली, दोन चित्रं एकमेकांवर सरकली, आणि पटकन तो पक्षी भिंतीपासून सुटून पुढे आला. फळीवरची त्याची सावली मागे राहिली आणि पक्षी हवेत. मग उघड्या पंखाकडे बघत बसले. मोठी पिसं एकावर एक कौलांसारखी रचलेली असतात हे आपल्याला माहीत असतं, पण इथे प्रत्येक पिसाची कड खालच्या पिसावर किती उचललेली आहे ते दिसतं. पोटाजवळची मऊ पिसं उलट्या बाजूला लोंबून विस्कटलेली, कारण पक्षी उलटा टांगलाय आणि त्यांना तशी पडायची सवय नाही. तेवढ्यावरून कळतं की हा पक्षी पेंढा भरलेला नाही, नुकता मेलेला आहे. पेंढा भरताना माणूस पिसं बसवतो, विंचरतो, इथे ती स्वतःच्या वजनाने पडलीयत. सपाट फोटोत हा फरक मला कधीच कळला नसता.

हेच मला या रिव्ह्यूमधे मुख्य म्हणायचंय. पेंढा भरलेले पक्षी हलत नाहीत म्हणून ते त्या काळच्या फोटोग्राफरांना सोयीचे होते, हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि खरंही आहे, पण तेवढंच नाहीये ते. पिसांसारखा थरांवर थर असलेला विषय स्टिरिओस्कोपला जितका मानवतो तितका फार कमी गोष्टींना मानवतो, आणि ते त्या लोकांच्या लक्षात आलं होतं. चेहरा, इमारत, डोंगर हे सपाट फोटोतही बऱ्यापैकी समजतात. मिटलेला पंख समजत नाही.

आता थोडं मागे जाते. चार्ल्स व्हीटस्टननी १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे आपला आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला, म्हणजे डॅगेरोटाइप ही फोटो काढायची सुरुवातीची पद्धत जगासमोर यायच्या एक वर्ष आधी, त्यामुळे त्यांच्याकडे दाखवायला फोटो नव्हतेच, रेघांच्या आकृत्या होत्या. दोन डोळ्यांना थोडं वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो एवढीच कल्पना. मग डेव्हिड ब्रूस्टरनी १८४९ मधे भिंगांची सुटसुटीत पेटी केली, पॅरिसमधे ज्यूल दुबॉस्कनी ती बनवायला घेतली, १८५१ च्या लंडनच्या ग्रेट एक्झिबिशनमधे राणी व्हिक्टोरियाला ती आवडली आणि मग जी लाट आली ती आली. १८५४ मधे लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी निघाली, त्यांची जाहिरातच अशी की स्टिरिओस्कोपशिवाय एकही घर नको.

स्थिरचित्रं यात अगदी सुरुवातीपासून आहेत. दुबॉस्कचाच १८५० च्या सुमाराचा कवटीचा स्टिरिओ डॅगेरोटाइप आहे. लंडनचे टी. आर. विल्यम्स, जे आंत्वान क्लोदेंच्या हाताखाली शिकले, त्यांनी १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कवटी, वाळूचं घड्याळ, पुस्तकं अशा वस्तू मांडून जे स्टिरिओ डॅगेरोटाइप केले त्यांच्यापुढे आजही भलेभले गप्प होतात. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, निगेटिव्ह नसतेच, प्रत्येक पत्रा एकमेव. म्हणजे मांडणी आधी पूर्ण डोक्यात हवी.

आणि ही मांडणी चित्रकलेतून आलेली आहे हे तर उघडच आहे. याकोपो दे बार्बारीचं १५०४ चं एक चित्र म्युनिकला आहे, त्यात एक मेलेलं तितर, लोखंडी हातमोजे आणि एक बाण भिंतीला टांगलेत, बस्स, आणि युरोपातल्या सर्वात जुन्या स्वतंत्र स्थिरचित्रांमधे ते धरतात. नंतर डच चित्रकारांनी शिकारीच्या पक्ष्यांचे ढीगच्या ढीग रंगवले. माझ्या पहिल्या कार्डावरचं तितर बघितल्यावर मी ते बार्बारीचं चित्र मुद्दाम पुन्हा उघडून बघितलं. साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे आणि भिंतीवर टांगलेला मेलेला पक्षी तोच. फ्रेंचमधे स्थिरचित्राला "नात्यूर मॉर्त" म्हणतात, मेलेला निसर्ग, आणि या कार्डांच्या बाबतीत तो शब्द अगदी नेमका बसतो.

आता सेटची तक्रार. मोठी तक्रार आहे म्हणून सविस्तर.

कार्डं ऑफसेटवर छापलीयत. साध्या डोळ्याने छान दिसतात, जाड पुठ्ठा, गोल कोपरे, हाताला मस्त. पण ऑफसेट म्हणजे ठिपक्यांची जाळी, आणि स्टिरिओस्कोपमधे भिंग आहे, भिंग ती जाळी मोठी करून दाखवतं. वर दोन्ही चित्रांमधली जाळी तंतोतंत सारखी पडत नाही, त्यामुळे ती नुसती दिसत नाही तर पक्ष्याच्या पुढे कुठेतरी हवेत तरंगते, मच्छरदाणीतून बघितल्यासारखं वाटतं. जुने मूळ प्रिंट अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर असायचे, त्यात ठिपके नसतात, कितीही भिंग लावा बारकावा निघतच राहतो. ज्या गोष्टीसाठी हे फोटो काढले गेले, म्हणजे पिसांचा बारकावा, तीच या छपाईत मारली गेलीय. तितराचं कार्ड त्यातल्या त्यात बरं आहे कारण ते मूळचंच काळपट आहे. पांढऱ्या पक्ष्यांची तर वाट लागलीय. एक समुद्रपक्षी आहे, त्याचा पांढरा पंख म्हणजे नुसता कोरा कागद.

शिवाय सगळ्या कार्डांना सरसकट तपकिरी छटा मारलीय, जुनं वाटावं म्हणून. अहो ते जुनंच आहे! काही मूळ प्रिंट जांभळट असतात, काही पिवळे पडलेले, प्रत्येकाचा आपला टोन असतो, तो पुसून सगळ्यांना एकच रंग कशाला? आणि मागच्या बाजूला काहीही माहिती नाही. मूळ कार्डांच्या मागे लेबल असतं, मालिकेचं नाव, नंबर, कधी कुणीतरी पेनने लिहिलेलं, आणि अमेरिकन कार्ड असेल तर १८६४ ते १८६६ या दोन वर्षांत कराचं तिकीट चिकटवायला लागायचं, त्यावरून तारीख काढता येते. या सेटमधे ते सगळं गायब.

आता ते एक कार्ड. नंबर ११, फांदीवर बसवलेलं घुबड, बाजूला वाळलेली पानं आणि खाली शेवाळ. यंत्रात लावलं आणि डोकं गरगरायला लागलं. काहीतरी चुकतंय पण काय ते कळेना. मागची भिंत पुढे आल्यासारखी, फांदी भिंतीच्या आत, आणि घुबडाची छाती फुगलेली असायच्या जागी आत गेलेली, साच्यासारखी, जणू कुणीतरी ओल्या मातीत घुबड दाबून काढून घेतलंय आणि राहिलेला खळगा आपण बघतोय. चोच तर आत रुतलेली. मी दहा मिनिटं बघत होते, भीती पण वाटत होती आणि सोडवतही नव्हतं.

कारण साधं आहे, डावं चित्र उजवीकडे आणि उजवं डावीकडे छापलंय. डोळ्यांना उलटी माहिती मिळाली की खोली उलटी होते. गंमत म्हणजे ही चूक त्या काळातही व्हायची. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच काचेवर दोन चित्रं घेतली आणि त्यावरून सरळ प्रिंट काढला तर तो असाच उलटा येतो, म्हणून प्रिंट मधे कापून दोन्ही तुकड्यांची जागा बदलून पुठ्ठ्यावर चिकटवायला लागायचे. प्रत्येक कार्डासाठी. कुणाकडून चुकलं की उलटं घुबड तयार.

विक्रेत्याला लिहिलं, फोटो पाठवले. उत्तर आलं की जुनी चित्रं अशीच असतात, डोळ्यांना सवय होईल. नाही होत, आणि होऊही नये. मग मी सरळ धारदार ब्लेड आणि पट्टी घेतली, कार्ड मधोमध कापलं, तुकडे अदलाबदल करून मागून टेप लावली, आणि परत यंत्रात घातलं. घुबड बाहेर आलं. छाती गोल, चोच पुढे, एक पान चोचीच्याही पुढे, आणि मागची भिंत जिथे असायला हवी तिथे. जे काम तेव्हा कारखान्यात दिवसभर चालायचं ते एकदा हाताने केल्यावर मला त्या कार्डाबद्दल जी माया वाटायला लागलीय ती बाकी तेवीसांबद्दल नाही. म्हणून हे एक डब्यात गेलं नाही.

त्या घुबडाचे डोळे. काचेचे आहेत, अर्थातच. पण काचेवरची चमक डाव्या फोटोत एका जागी पडलीय आणि उजव्यात किंचित दुसऱ्या जागी, कारण भिंग थोडं सरकलेलं आहे. दोन्ही एकत्र झाल्यावर मेंदूला ती चमक नेमकी कुठे ठेवायची ते ठरवता येत नाही आणि ती डोळ्याच्या पृष्ठभागावर न बसता जरा आत, जरा थरथरती दिसते. ओला डोळा दिसतो. जिवंत. सबंध पक्षी मेलेला आणि त्यातली मुळात निर्जीव असलेली एकच गोष्ट, काच, ती जिवंत वाटते. हे सपाट फोटोत होऊच शकत नाही, तिथे तो नुसता पांढरा ठिपका असतो.

रंगांबद्दल पण एक सांगायला हवं, कारण सेट घेणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार असते की पक्षी ओळखू येत नाहीत. १८५१ मधे फ्रेडरिक स्कॉट आर्चरची ओल्या कोलोडियनची, म्हणजे काचेवर रसायनाचा थर देऊन तो ओला असतानाच फोटो घ्यायची पद्धत आली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं तीच चालली. ती काच निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच जागी असते, लाल आणि पिवळा तिला दिसतच नाही. म्हणजे लाल छातीचा रॉबिन काळ्या छातीचा येतो, पिवळी चोच काळी पडते, आणि निळ्या पाठीचा खंड्या फिकट पांढरट. रंगांसाठी जागी असलेली प्लेट करायची वाट हेर्मान फोगेलनी १८७३ मधे दाखवली, पण या कार्डांच्या काळात ती नव्हती. म्हणून जे चांगले फोटोग्राफर होते ते पक्षी निवडताना रंगावर जायचेच नाहीत, ठिपके, पट्टे, पिसांची ठेवण यावर जायचे. तितर, पाणलावा, घुबड, फिझंटची मादी असे मातकट पक्षी या कार्डांवर जे खुलतात तसे रंगीत पक्षी खुलत नाहीत. माझ्या १७ पैकी सगळ्यात पडेल कार्ड एका भडक रंगाच्या पोपटाचं आहे, काळा गोळा नुसता.

दुसरी गोष्ट अंतराची. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. विषय हलणारा नसेल तर दोन भिंगांचा कॅमेरा लागतच नाही, एकच कॅमेरा फळीवर ठेवून एक फोटो घ्यायचा, मग बाजूला सरकवून दुसरा. पेंढा भरलेला पक्षी तोवर तसाच बसतो, ही खरी सोय. पण किती सरकवायचं यावर त्या काळात वाद चालायचे, ब्रूस्टर तर अडीच इंचांवर अडूनच होते. जवळच्या लहान पक्ष्याला जास्त सरकवलं तर चोच भाल्यासारखी लांब येते आणि बघताना डोळे ताणले जातात. आज लोक ढोबळ नियम पाळतात की विषय जितका लांब त्याचा तिसावा भाग सरकवा, म्हणजे दीड मीटरला पाच सेंटिमीटर. सेटमधलं एक लहान गाणाऱ्या पक्ष्याचं कार्ड असं ताणलेलं आहे, बघून कपाळ दुखतं. त्यात छपाईचा दोष नाही, मूळचाच आहे.

जिवंत पक्ष्यांचे फोटो का नाहीत असं माझ्या बहिणीने विचारलं. काचेला ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायचं, दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकायचं, आणि घरातल्या उजेडात एक्स्पोजर काही सेकंदांपासून पुढे कितीही. चिमणीने मान वळवली की डोकं गायब. इंग्लंडमधे रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी पक्ष्यांची घरटी जागेवर जाऊन टिपायला सुरुवात केली ती १८९२ ला, आणि नंतर त्यांनी लपायला पेंढा भरलेला पोकळ बैल वापरला. म्हणजे आधी पक्ष्यात पेंढा भरून फोटो काढायचे, मग बैलात माणूस बसून!

या सगळ्यात मला सर्वात जवळचे वाटतात ते वेल्समधले जॉन डिल्विन ल्युएलिन. त्यांचे फोटो या सेटमधे नाहीत, पण पेनलरगेअरच्या आपल्या इस्टेटीत १८५० च्या दशकात त्यांनी पेंढा भरलेले प्राणी-पक्षी खऱ्या झाडीत, खऱ्या पाण्याकाठी नेऊन ठेवले आणि फोटो काढले. १८५६ च्या एका फोटोत राखी बगळा पाण्याजवळ उभा आहे, इतका नैसर्गिक की सांगितल्याशिवाय कळत नाही. टेबलावरचा पक्षी आणि रानातला पक्षी यांच्या मधलं हे काहीतरी आहे आणि त्याला काय म्हणावं यावर मी अजून विचार करतेय.

अमेरिकेत हीच वाट पुढे गेली. आल्बनीचे टॅक्सीडर्मिस्ट, म्हणजे पेंढा भरणारे कारागीर, जे. ए. हर्स्ट यांनी १८७० च्या सुमाराला पेंढा भरलेल्या पक्ष्या-प्राण्यांच्या स्टिरिओ कार्डांची अख्खी मालिका काढली, शाळेत वस्तुपाठाला आणि घरी दिवाणखान्यात करमणुकीला असा दुहेरी उद्देश. फोटोतल्या मांडणीला फांद्या, दगड, गवत. आणि कोलोरॅडोच्या मार्था मॅक्सवेल, त्यांनी बोल्डरला १८७४ मधे स्वतःचं म्युझियम काढलं, १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात अख्खा डोंगर उभा करून त्यावर प्राणी-पक्षी त्यांच्या त्यांच्या जागी बसवले आणि वर पाटी लावली, "बाईचं काम". त्या मांडणीची स्टिरिओ कार्डं विकली गेली, आजही सापडतात. शिकारही बरीचशी त्या स्वतः करायच्या. एका लहान घुबडाच्या उपजातीला त्यांचं नाव दिलेलं आहे. सेट बनवणाऱ्यांनी निदान मॅक्सवेलबाईंचं एक कार्ड घातलं असतं आणि मागे चार ओळी लिहिल्या असत्या तर मी बाकीचं बरंच माफ केलं असतं.

हे बघताना त्रास होतो का, असं कुणी विचारेल तर हो, होतो. हे सगळे पक्षी मारलेले आहेत. होम्सनी १८५९ च्या एका लेखात म्हटलं होतं की पुढे लोक सुंदर वस्तूंची शिकार त्यांच्या कातड्यासाठी करतील, म्हणजे फोटोसाठी, आणि मूळ वस्तू सांगाड्यासारखी टाकून देतील. ते उपमा म्हणून बोलत होते, पण या कार्डांवर ती उपमा अक्षरशः खरी आहे, पक्ष्याचं कातडं काढलं, त्यात भरलं, आणि त्याचं वरचं रूप फोटोने काढून घेतलं. कातडं टिकावं म्हणून आर्सेनिकचा साबण आतून लावायचे, फ्रान्समधल्या मेत्झ गावच्या बेकर नावाच्या औषधविक्रेत्याची ही अठराव्या शतकातली कृती, आणि आजही म्युझियमवाले जुने नमुने हाताळताना हातमोजे घालतात ते त्यामुळेच. जाता जाता, हे फोटो बघून कुणाला जुना खरा पेंढा भरलेला पक्षी घ्यावासा वाटला तर तो उघड्या हाताने चाचपू नका आणि लहान मुलांच्या हातात तर अजिबात देऊ नका.

यंत्राकडे परत येते, कारण गुण द्यायचे तर तिथेच आहेत. भिंगं. होम्सच्या यंत्रातली भिंगं साधी गोल नसतात, एका बाजूला जाड असतात, बाहेरची कड जाड आणि नाकाकडची पातळ. कार्डावरच्या दोन चित्रांची मध्यं आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त लांब असतात, ती एकत्र आणायला हा तिरपेपणा लागतो. स्वस्त नकलांमधे साधी भिंगं घालतात आणि मग बघणाऱ्याला वाटतं आपलेच डोळे खराब. या यंत्रात बरोबर घातलीयत, बोट फिरवून बघितलं मी. कडेला थोडी रंगीत झालर दिसते, चालतं तेवढं. हूडच्या कडेला मखमल आहे, चष्मा लावून बघताना जरा अडचण होते पण जमतं. दांडी पट्टीवर घट्ट बसते, सैल होऊन घसरत नाही. तारेचा एक आकडा दुसऱ्या महिन्यात वाकला, पक्कडीने सरळ केला. मूठ थोडी बारीक आहे, अर्धा तास धरली तर मनगट बोलतं.

मग बघायचं काय? न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या रॉबर्ट एन. डेनिस संग्रहात ७० हजारांहून जास्त स्टिरिओ कार्डं आहेत आणि स्कॅन मोफत उघडे आहेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसचे आहेत, गेटी म्युझियमचे आहेत. सगळ्यात मोठी फाइल उतरवून घ्यायची, कार्डाची पूर्ण रुंदी १७८ मिलिमीटर ठेवायची, तपकिरी छटा वगैरे काही मारायची नाही, आणि फोटो लॅबमधे खऱ्या फोटो पेपरवर काढून घ्यायची, इंकजेट किंवा लेझर नाही. मॅट पेपर घ्या, ग्लॉसीवर खिडकी चमकते. मग पुठ्ठ्यावर चिकटवा. मी अशी नऊ केलीयत. ठिपके नाहीत, मच्छरदाणी नाही. एका फिझंटच्या मानेवर पिसांच्या टोकांची जी बारीक खवल्यांची रांग आहे ती मला सेटच्या कार्डात एक डाग म्हणून दिसत होती, तोच फोटो, तेच यंत्र.

उजेड मागून किंवा बाजूने, खांद्यावरून कार्डावर पडेल असा घ्या. सकाळचा बरा. बघताना आधी पक्ष्याकडे नका बघू, मागच्या भिंतीकडे बघा, ती जागेवर बसली की पक्षी आपोआप पुढे येतो. पहिल्यांदा जमायला अर्धा मिनिट लागेल, कुणाकुणाला नाहीच जमत आणि त्यात त्यांची काही चूक नसते. माझ्या आईला एका डोळ्याने कमी दिसतं, तिला खोली दिसली नाही, पण तिने कापून चिकटवलेलं ते घुबडाचं कार्ड हातात घेऊन टेपच्या रेघेवर बोट फिरवलं आणि विचारलं, ही पानं खरी होती का गं, का तीही कागदाची?

खरी असावीत असं मी म्हटलं. एका पानाला कीड लागलेली भोकं आहेत, आणि भोकातून मागची फांदी दिसते.